‘कुशल’ कोणास म्हणावे? : परदेशगमनाच्या कायद्यांची भाषा आणि पिंपरी-चाकण पट्ट्यातील कुटुंबे

‘कुशल’ हा शब्द संस्कृत साहित्यशास्त्राच्या अभ्यासकांस एका जुन्या वादाचा विषय म्हणून परिचित आहे. हात कापून न घेता कुश नावाचे गवत उपटून आणणारा तो कुशल, अशी त्याची व्युत्पत्ती सांगितली जाते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त हा शब्द रूढिमूलक लक्षणेचे उदाहरण म्हणून घेतला. मूळ अर्थ बाजूस पडून ‘दक्ष’ हा अर्थ रूढीने प्राप्त झाला, असे त्याचे म्हणणे. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त यास हरकत घेतली. शब्दाच्या व्युत्पत्तीचे निमित्त निराळे आणि त्याच्या प्रवृत्तीचे निमित्त निराळे. तेव्हा ‘दक्ष’ हाच त्या शब्दाचा मुख्यार्थ होय, असे त्याने प्रतिपादिले. हा वाद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा आहे असे वाटण्याचा संभव आहे. परंतु चाकणच्या कारखान्यात यंत्रावर उभा असलेला एखादा कामगार जेव्हा कॅनडा, जर्मनी अथवा ऑस्ट्रेलिया येथे सहकुटुंब स्थायिक होण्याच्या वाटा शोधू लागतो, तेव्हा त्याची गाठ याच प्रश्नाशी पडते. त्याच्या हाताची कुशलता त्याच्या शेजारच्या यंत्रावरील माणसास ठाऊक असते. कायद्यास ती ठाऊक नसते. कायद्यापुढे ती व्यवसायाच्या नावातून, अनुभवाच्या दाखल्यातील क्रियापदांतून आणि भाषापरीक्षेच्या गुणांतून सिद्ध करावी लागते.

या पट्ट्यातील बहुतेक कुटुंबांस स्थलांतर नवे नाही. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढील दशकात टेल्को व आकुर्डीचा बजाज ऑटो यांनी या परिसराचे रूप पालटले. २००९ साली चाकण येथे फोल्क्सवागन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, कोकण या भागांतून माणसे येत राहिली. ज्याचे वडील गाव सोडून चिंचवडास आले, तोच आता चिंचवड सोडण्याचा विचार करतो. फरक एवढाच की वडिलांच्या वेळी गावच्या ओळखीच्या माणसाचा शब्द नोकरीस पुरत असे. मुलास मात्र परक्या राज्याच्या वर्गीकरणात आपले स्थान दाखवावे लागते.

प्रथम व्यवसायाच्या नावाचा विचार करू. प्रत्येक राष्ट्राची व्यवसायांची अधिकृत सूची असते. भारताची २०१५ सालची राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण सूची आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००८ च्या वर्गीकरणावर आधारलेली आहे. कॅनडाने १६ नोव्हेंबर २०२२ पासून आपल्या परदेशगमन कायद्यासाठी नवी सूची अंमलात आणली. तीत प्रत्येक व्यवसायास पाच अंकी क्रमांक असून त्यातील दुसरा अंक त्या व्यवसायास लागणाऱ्या शिक्षण-प्रशिक्षणाची पातळी दर्शवितो. संघीय कुशल कामगार योजनेखाली अर्ज करावयाचा तर हा अंक ० ते ३ यांपैकी असावा लागतो. आता पुढील दोन क्रमांक पाहावेत. ७२१०० म्हणजे मशिनिस्ट. ९४१०६ म्हणजे मशिनिंग टूल ऑपरेटर. पहिल्याचा दुसरा अंक २, दुसऱ्याचा ४. पहिला ‘कुशल’ ठरतो. दुसऱ्यास या योजनेचे दार बंद होते.

चाकण, भोसरी, तळवडे येथे यंत्रावर काम करणाऱ्या बहुतेकांस ‘ऑपरेटर’ म्हणतात. ‘सीएनसी ऑपरेटर’, ‘व्हीएमसी ऑपरेटर’ हीच नावे नेमणुकीच्या पत्रात असतात. परंतु या एका शब्दाखाली निदान दोन प्रकारची माणसे येतात. एक जण दिलेला जॉब यंत्रात लावतो, बटण दाबतो, पीस निघाला की गेजवर तपासून पेटीत टाकतो. दुसरा ड्रॉइंग वाचतो, मापांचा हिशेब करतो, टूल निवडतो, ऑफसेट घेतो, पहिला पीस पास करून देतो व बिघडलेले सेटिंग दुरुस्त करतो. मराठी कारखानी बोलीने या दुसऱ्यासाठी ‘सेटर’ हा शब्द घडविला आहे, आणि शॉपमध्ये त्याचा मान निराळा असतो. पण लहान कारखान्यांत एकच माणूस दोन्ही कामे करतो आणि कागदावर ‘ऑपरेटर’च राहतो. कॅनडाच्या सूचीतील भेदही केवळ सेटिंगचा नाही. एकाच प्रकारचे तुकडे पुन्हापुन्हा कापणाऱ्या यंत्राची देखभाल करणारा तो ऑपरेटर. आराखड्यावरून नेमक्या मापाची वस्तू घडविणारा तो मशिनिस्ट, अशी तेथील विभागणी आहे.

येथे मराठी क्रियापदांची व्याप्ती अडचणीची ठरते. ‘मशीन चालवणे’ या प्रयोगात यंत्र सुरू करणे, त्यावर लक्ष ठेवणे व त्याच्याकडून काम करवून घेणे हे सारे सामावते. ‘दोन मशिनी बघतो’ यातील ‘बघणे’ हे दर्शनवाचक नसून जबाबदारीवाचक आहे. ‘सेटिंग लावणे’, ‘जॉब लावणे’ यांतील ‘लावणे’ एका ठिकाणी बुद्धीचे काम दर्शविते व दुसऱ्या ठिकाणी केवळ हाताचे. असा माणूस आपले काम इंग्रजीत सांगू लागला की ही सर्व क्रियापदे एकाच ‘ऑपरेट’मध्ये कोंबली जातात, आणि त्याबरोबर त्याचे कौशल्यही दोन पायऱ्या खाली उतरते. वस्तुतः कॅनडाचा अधिकारी पदनामावर विसंबत नाही. सूचीतील व्यवसायाचे वर्णन व प्रमुख कर्तव्ये यांच्याशी दाखल्यातील कामे जुळतात की नाही हे तो पाहतो. म्हणजे विश्वनाथाप्रमाणे तो व्युत्पत्तीस नव्हे तर प्रवृत्तीस मान देतो. परंतु प्रवृत्ती दाखल्यात उतरली असेल तरच. आपल्याकडील अनुभवपत्रांचा नमुना सर्वांस माहीत आहे : अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केले, वर्तणूक चांगली होती, पुढील आयुष्यास शुभेच्छा. कामाचे वर्णन त्यात एका ओळीचेही नसते. कारखाना सोडताना कर्तव्यांची तपशीलवार यादी असलेला दाखला मागणे हे उद्धटपणाचे नसून आवश्यक आहे, हे या पट्ट्यातील कामगारांस कोणी सांगत नाही.

कंत्राटी कामगाराची स्थिती याहून बिकट आहे. दाखला मिळालाच तर तो मोठ्या कारखान्याचा नसून मनुष्यबळ पुरविणाऱ्या ठेकेदाराचा असतो. शिवाय काही महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन पुन्हा कामावर घेण्याची रीत येथे जुनी आहे. कॅनडाच्या उपरोक्त योजनेस गेल्या दहा वर्षांतील किमान एक वर्षाचा अखंड अनुभव लागतो. चार वर्षे त्याच कारखान्याच्या त्याच यंत्रावर घालविलेला माणूस ‘अखंड’ या एका विशेषणापाशी अडतो. ‘परमनंट’ आणि ‘कंत्राटी’ हा भेद पगारापुरता आहे अशी समजूत असते. तो पुढे देशांतराच्या मार्गातही आडवा येतो. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी अशा वेळी उपयोगी पडतात. त्या जपून ठेवाव्यात.

ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर निराळीच व्याकरणिक अडचण आहे. तेथे जाऊ इच्छिणाऱ्या अभियंत्यास ‘इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया’ या संस्थेकडून पात्रतेचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. ज्यांची पदवी आंतरराष्ट्रीय करारान्वये थेट मान्य होत नाही त्यांना आपल्या कामाचे तीन वृत्तांत लिहून द्यावे लागतात, आणि ते प्रथमपुरुषी एकवचनात असावे लागतात. गटाने काय केले हे नको, अर्जदाराने स्वतः काय केले ते हवे. मराठी माणसाच्या सवयीस हे मानवत नाही. ‘आम्ही लाइन बसवली’, ‘आपण ते फिक्स्चर बदललं’, ‘काम झालं’, ‘ट्रायल घेतली गेली’ अशी त्याची वाक्ये असतात. कर्ता अनेकवचनात विरघळवून टाकणे अथवा कर्मणी प्रयोगाच्या आड ठेवणे हा येथे विनय समजला जातो. तेथे वृत्तांत वाचणाऱ्यास त्यातून एवढाच अर्थ लागतो की हे काम दुसऱ्या कोणी केले असावे. भाषांतर निर्दोष असूनही अर्ज का फसतो, याचे उत्तर पुष्कळदा शब्दकोशात सापडत नाही. ते या विनयाच्या व्याकरणात असते.

जर्मनीचा विचार अधिक विस्ताराने करणे अवश्य आहे, कारण या पट्ट्याचा त्या देशाशी संबंध निकटचा आहे. १ मार्च २०२० रोजी तेथे कुशल कामगारांच्या प्रवेशाचा कायदा अंमलात आला व नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या काळात तो टप्प्याटप्प्याने सैल करण्यात आला. ५ डिसेंबर २०२२ रोजी भारत व जर्मनी यांच्यात स्थलांतरविषयक करार झाला. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार करून १०,००० उमेदवारांना प्रशिक्षित करून पाठविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. मर्सिडीज व बॉश या दोहोंचे माहेरघर असलेले स्टुटगार्ट हे त्याच राज्यात आहे.

पदवीधर अभियंत्यास तेथे ‘ब्लू कार्ड’चा मार्ग आहे, त्यास मुख्य अट वेतनाची. २०२५ साली ही मर्यादा वर्षास ४८,३०० युरो, आणि टंचाईच्या व्यवसायांत सुमारे ४३,७६० युरो होती. ती दर वर्षी बदलते. आयटीआय झालेल्या कामगाराचा प्रश्न मात्र गुंतागुंतीचा आहे. जर्मनीत यंत्रकामाचे उमेदवारी शिक्षण साडेतीन वर्षांचे असते. टर्नर वा मशिनिस्ट यांस जवळचा जर्मन व्यवसाय म्हणजे ‘त्सेरश्पानुंग्समेखानिकर’. या लांबलचक शब्दात ‘श्पान’ म्हणजे धातू कापताना निघणारी चिप. चिप काढून आकार देणारा कारागीर तो हा. आपल्या फिटर, टर्नर, मशिनिस्ट या शाखांचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. न्युर्नबर्ग येथील मान्यता-कार्यालय या दोन अभ्यासक्रमांची कलमवार तुलना करून पूर्ण अथवा अंशतः समकक्षता देते. २०२४ च्या सुधारणेने आणखी दोन वाटा मोकळ्या झाल्या. स्वदेशी शासनमान्य किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण व दोन वर्षांचा अनुभव असून ठरावीक वेतनाची नोकरी हाती असल्यास समकक्षतेवाचून जाता येते. अथवा जर्मनचे ए-२ इतके ज्ञान असल्यास नोकरीच्या करारावर तेथे जाऊन मान्यतेची प्रक्रिया पूर्ण करता येते. दोन्हींत ‘किमान दोन वर्षे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आयटीआयचा वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. त्यामुळे दहा वर्षे उत्तम सांधे जोडणारा वेल्डर मागे राहतो आणि दोन वर्षांच्या शाखेतील त्याचा कमी अनुभवी सोबती पुढे जातो. कौशल्याची मोजणी काळाच्या मापाने केली की असे घडणारच.

आता भाषापरीक्षांकडे वळू. कॅनडाच्या संघीय कुशल कामगार योजनेत पात्रतेसाठी १०० पैकी ६७ गुण लागतात. त्यांतील २८ गुण भाषेचे व २५ शिक्षणाचे आहेत. आयुष्याची पंधरा-सोळा वर्षे घेणाऱ्या शिक्षणाहून अर्ध्या दिवसाच्या भाषापरीक्षेस अधिक वजन आहे. ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे या चारही अंगांत सातवी पातळी लागते. आयईएल्‌टीएस परीक्षेत ती प्रत्येकी ६ गुणांची होते. कारागिरांच्या स्वतंत्र योजनेत ही अट बरीच खाली येते : बोलण्या-ऐकण्यात पाचवी व वाचण्या-लिहिण्यात चौथी पातळी पुरते. परंतु तीत नोकरीचा करार अथवा कॅनडातील प्रांताचे कारागिरीचे प्रमाणपत्र लागते, आणि ते चिंचवडात बसून मिळविणे जवळजवळ अशक्य आहे.

जर्मनच्या बाबतीत मराठी भाषकाची पूर्वतयारी समजली जाते त्याहून बरी असते. मराठीत तीन लिंगे आहेत. ‘तो, ती, ते’ म्हणणाऱ्यास ‘डेर, डी, डास’ ही कल्पना नव्याने शिकावी लागत नाही, केवळ वाटणी नव्याने पाठ करावी लागते. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, हे इंग्रजीच्या मार्गाने जर्मन शिकणाऱ्यास विचित्र वाटते, मराठी माणसास नव्हे. आदरार्थी व जवळिकीचे सर्वनाम यांतील भेदही त्याच्या अंगवळणी असतो. पुण्यातील मॅक्सम्युलर भवन व विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभाग यांमुळे शिकण्याची सोयही आहे. अडचण आहे ती पाळ्यांची. आठवड्यास पाळी बदलणारा कामगार सलग वर्गास बसू शकत नाही, आणि भाषेचे वर्ग बहुधा कार्यालयीन नोकरांच्या सवडीने लावलेले असतात. आणखी एक गोष्ट शिक्षकांनी सांगावयास हवी. स्टुटगार्टच्या शॉपमध्ये कानी पडणारी बोली स्वाबियन असते. पुस्तकी ए-२ घेऊन गेलेला माणूस पहिले काही महिने बावरतो. पुणेरी प्रमाण मराठी शिकून चंदगडास गेलेल्या परदेशीयाची कल्पना केल्यास हे ध्यानात येईल.

भाषेच्या एका पातळीने काय फरक पडतो हे जर्मनीच्या ‘चान्सन्‌कार्टे’ या १ जून २०२४ पासून सुरू झालेल्या परवान्यावरून चांगले दिसते. नोकरी शोधण्यासाठी वर्षभर तेथे राहण्याची ही मुभा आहे. दोन वर्षांचे प्रशिक्षण आणि जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२ ही प्राथमिक अट. त्यावर किमान सहा गुण. उदाहरणादाखल एक फिटर घ्यावा : वय ३३, गेल्या सात वर्षांत आपल्या व्यवसायातील पाच वर्षांचा अनुभव, जर्मन ए-१. वयाचे २, अनुभवाचे ३, एकूण ५. एक गुण कमी. ए-२ उत्तीर्ण झाल्यास १ गुण मिळून तो पात्र होतो. परंतु तो छत्तीस वर्षांचा झाला की वयाचा एकच गुण उरतो, आणि मग त्यास दोन गुणांसाठी बी-१ गाठावे लागते. म्हणजे वाढते वय आणि वाढती भाषा यांची ही शर्यत आहे. पती-पत्नी दोघेही स्वतंत्रपणे पात्र असून एकत्र अर्ज करीत असल्यास आणखी एक गुण मिळतो. मात्र हा परवाना एकट्याने जाण्याचा आहे. मुलाबाळांस बरोबर नेण्याची सोय सामान्यतः त्यात नाही. २०२५ साली दरमहा १,०९१ युरो इतक्या निर्वाहाची तरतूदही दाखवावी लागत असे.

‘मुख्य अर्जदार’ कोण, हा प्रश्न आपल्या घरांत विचारलाच जात नाही. ‘अर्जदार’ हा शब्द मराठीत स्त्री-पुरुष दोहोंस सारखाच लागू आहे, पण अर्ज नवऱ्याचा असे गृहीत धरले जाते. वस्तुतः कॅनडात व ऑस्ट्रेलियात दांपत्यापैकी कोणीही मुख्य अर्जदार होऊ शकतो. ‘ऑपरेटर’ या शब्दात अडकलेल्या पतीची पत्नी परिचारिका अथवा संगणक अभियंता असेल तर तिचाच अर्ज बलवत्तर ठरण्याचा संभव असतो. दोघांचे गुण दोन्ही बाजूंनी मांडून पाहिल्यावाचून निर्णय करू नये.

‘कुटुंब’ या शब्दाचाही येथे विचार केला पाहिजे. जुन्या मराठीत ‘आमचे कुटुंब माहेरी गेले आहे’ असे पुरुष म्हणे, तेव्हा त्याचा अर्थ केवळ पत्नी असा असे. आज या शब्दात आई-वडील, क्वचित धाकटा भाऊही येतो. परदेशगमनाच्या कायद्यांतील कुटुंब या दोहोंच्या मध्ये, पण जुन्या अर्थाच्याच जवळ आहे : पती वा पत्नी आणि अवलंबून असलेली अपत्ये. कॅनडात २०१७ पासून अवलंबित्वाची वयोमर्यादा २२ वर्षांच्या आतील आहे. जपानने एप्रिल २०१९ मध्ये सुरू केलेल्या विशेष कौशल्याच्या परवान्यात पहिल्या श्रेणीस कुटुंब नेताच येत नाही. दुसऱ्या श्रेणीस येते. पहिल्या श्रेणीची कमाल मुदत पाच वर्षांची आहे. लहान मूल असलेल्या घराने ‘जपानला संधी आहे’ हे ऐकताना हा भेद विचारून घ्यावा.

मागे राहणाऱ्या पत्नीच्या भाषेवरही कायद्यांची नजर असते. जर्मनीने २००७ साली पतीकडे जाणाऱ्या अथवा पत्नीकडे येणाऱ्या जोडीदारास ए-१ची अट घातली. जपान, अमेरिका इत्यादी काही देशांच्या नागरिकांस ती नव्हती. भाषेची अट म्हणून जी पुढे केली गेली ती प्रत्यक्षात राष्ट्रीयत्वाचीही चाळणी होती, असे म्हणावयास जागा आहे. २०२२ च्या अखेरीस कुशल कामगारांच्या जोडीदारांपुरती ही अट काढून टाकण्यात आली. ऑस्ट्रेलियाने निराळा तोडगा काढला आहे : जोडीदाराचे इंग्रजी किमान पातळीचे नसेल तर शुल्काचा आणखी एक मोठा हप्ता भरावा लागतो. भाषा येत नसेल तर तिची किंमत द्यावी, इतका रोखठोक व्यवहार क्वचितच कोणत्या कायद्यात आढळेल.

नावांचा घोळ वरवर क्षुल्लक, पण पुष्कळ अर्ज रखडविणारा आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी; मधले नाव लग्नापूर्वी वडिलांचे, नंतर पतीचे; ‘ज्ञ’ आणि ‘ळ’ यांचे रोमन लेखन प्रत्येक कार्यालयात निराळे. विवाहितेची माहेरच्या नावाची पदवी आणि सासरच्या नावाचा पासपोर्ट ही परक्या अधिकाऱ्यास दोन व्यक्ती वाटतात. विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र व नावबदलाचे राजपत्र यांची तजवीज अर्जापूर्वीच करावी.

दलालांविषयी थोडक्यात. परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्यास १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाने केंद्र शासनाची नोंदणी आवश्यक केली, व नियमांनी उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्कास ३०,००० रुपये व त्यावरील कर अशी मर्यादा घातली. कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथील सल्लागारांचीही अधिकृत नोंदवही असते आणि ती कोणासही पाहता येते. ‘पीआरची गॅरंटी’ देणाऱ्याचे नाव या नोंदींत न आढळल्यास तेथेच थांबावे, कारण गुणांची यादी कोणत्याही सल्लागाराच्या हाती नसते.

आई-वडिलांचा प्रश्न उरतो, आणि पुष्कळ घरांत तोच निर्णायक असतो. कॅनडात त्यांच्यासाठी निराळी, मर्यादित संख्येची योजना आहे. एरवी विम्याच्या अटीवर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देणारा परवाना मिळतो. जर्मनीने १ मार्च २०२४ नंतर परवाना मिळालेल्या कुशल कामगारांस आपले आई-वडील, आणि जोडीदार तेथे असल्यास सासू-सासरेही, बोलावून घेण्याची मुभा दिली आहे. त्यांच्या निर्वाहाची व आरोग्यविम्याची हमी द्यावी लागते, आणि उतारवयात तेथील विमा मिळविणे हीच खरी अडचण असते. भाषेची परीक्षा मात्र त्यांना नाही.